किल्टच्या कारखान्याची निरवानिरव

मी, छाया राजाराम चौबळ, वय एकाहत्तर वर्षे, धर्माने हिंदू, नागरिकत्वाने भारतीय, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार खोर फक्कान, शारजा अमिरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत आणि कोणीही मागे उभे राहून सूचना करत नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की काही लोकांची त्यामुळे गैरसोय होईल. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही. ज्याची छाती उघडायची नसते त्याला हे म्हणणे सोपे जाते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

या मजकुराचे इंग्रजी आणि अरबी भाषांतर ॲडव्होकेट कचेरीतील कु. कशफ तांबे करतील. त्या रत्नागिरीच्या, मराठी उत्तम. पहिला मसुदा वाचून त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मृत्युपत्रात राग लिहायचा नसतो."

"मग कुठे लिहायचा? लग्नपत्रिकेत?"

त्यांनी मजकूर जसाच्या तसा ठेवण्याचे कबूल केले आहे.

कलम १. माझे दहन इथेच करावे. मला पेटीत घालून पुण्याला नेऊ नये. उभ्या आयुष्यात मी कधी सामान म्हणून प्रवास केलेला नाही. अंगावर माझी निळी सुती साडी असावी. दहाव्याला पुण्याहून जी मंडळी फोन करून "शेवटी लुंग्या शिवत गेल्या बिचाऱ्या" असे म्हणतील, त्यांना सुनेने शांतपणे सांगावे की ती लुंगी नव्हे, आणि मी बिचारीही नव्हे.

कलम २. पुण्यातील सहकारनगरचा फ्लॅट माझा मुलगा निनाद यास. या कलमात आधी एक अट होती. ती का घातली आणि का खोडली हे कलम ७ मध्ये येईल. तोपर्यंत निनादने धीर धरावा, पाने उलटून पुढे जाऊ नये. शाळेतही त्याला हीच सवय होती.

कलम ३. बँकेतील ठेवी माझी सून स्मिता आणि नात इरा यांना समसमान. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी स्मिताला नेमते. तिच्या माझ्याविषयी काही तक्रारी आहेत आणि माझ्या तिच्याविषयी आहेत, पण आमच्या घरात यादी करून यादीप्रमाणे वागणारी ती एकटीच आहे.

कलम ४. कारखाना. याविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण ज्या न्यायाधीशांसमोर हे जाईल त्यांनी आयुष्यात किल्ट पाहिला असेलच असे नाही.

किल्ट म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे, पुढून सपाट, मागून चुण्यांचे, पुरुषाचे वस्त्र. मूळ स्कॉटलंडचे. आम्ही शिवतो तो कामाचा: जाड कॅनव्हासचा, दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे, हातोडी अडकवायला एक फास, टेपसाठी एक पट्टी. लांबी गुडघ्याखाली चार बोटे, कारण आपण ज्यांच्या देशात राहतो त्यांच्या रीतीभातीचा मान ठेवायचा असतो. आत गुडघ्यापर्यंतची चड्डी सक्तीची. शिडीवर चढल्यावर खालून काय दिसते हा विनोदी प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हे उत्तर मी गेली बारा वर्षे देत आले आहे, आणि इथे शेवटचे देत आहे: चड्डी.

माझे यजमान, राजाभाऊ, इथल्या एका बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात फोरमन होते. ऑगस्टमध्ये, अंगाला चिकटणाऱ्या त्या हवेत, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध कव्हरऑल घालून माणसे दहा-दहा तास काम करत. राजाभाऊंच्या जांघा सोलून निघत. संध्याकाळी ते फेंगडे चालत घरी येत आणि मी पावडरचा डबा घेऊन दारात उभी असे. हे वाचून निनादला लाज वाटेल. वाटू दे. त्याच जांघांच्या जिवावर त्याचे इंजिनिअरिंग झाले.

२०१२ साली यार्डात गॉर्डन नावाचे स्कॉटिश इंजिनिअर आले. ते रोज काळा किल्ट घालून कामावर येत. मॅनेजरने त्यांना विचारले, "व्हेरी स्मार्ट, गॉर्डन, कुठून घेतला?" त्याच आठवड्यात राजाभाऊंनी घरची चौकड्याची लुंगी गुडघ्याखाली दुमडून, वर पट्टा बांधून नेली, तर त्याच मॅनेजरने त्यांना घरी पाठवले. "चौबळ, धिस इज नॉट युअर व्हिलेज." राजाभाऊ हसत हसत मला हे सांगत होते. मी हसले नाही. वस्त्र तेच, वारा तोच. गोऱ्याने नेसले की स्मार्ट आणि आमच्याने नेसले की खेडवळ!

आता एक कबुली. खिसा उसवला म्हणून गॉर्डन यांनी किल्ट माझ्याकडे दुरुस्तीला दिला. मी खिसा शिवला, पण त्याआधी संपूर्ण किल्ट उसवून त्याचा कागदावर आराखडा काढला आणि पुन्हा जसाच्या तसा जोडला. त्यांना सांगितले नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कॉन्सिलियांनी मला शिकवले होते की शिवणीची उलटी बाजू सुलटीइतकी नीट हवी. गॉर्डन यांच्या किल्टची तशी नव्हती. मी ती नीट केली. तेव्हा हिशेब फिटला असे मी मानते. तरीही कारखान्याने त्यांना एबर्डीनच्या पत्त्यावर नवा किल्ट पाठवावा. कंबर चाळीस. आता वाढली असेल, बेचाळीस धरावी.

चुण्या मला अवघड नव्हत्या. दहा वर्षे मी शाळेत चुण्यांचा स्कर्ट घातला आहे आणि रोज सकाळी त्याची एकेक चुणी इस्त्रीखाली धरली आहे. ते घालून आम्ही धावलो, भिंतीवर चढलो, प्रयोगशाळेत ॲसिड हाताळले. अयोग्य पोशाख असे तेव्हा कोणी म्हणाले नाही.

राजाभाऊंचा पहिला किल्ट मी तीन दिवसांत शिवला. तो घालून ते यार्डात गेले आणि मॅनेजरसमोर गॉर्डन यांच्या शेजारी उभे राहिले. दोघांत फरक दाखवा म्हणाले. मॅनेजरला दाखवता आला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रंगकाम आणि दोरकाम करणाऱ्या तेवीस माणसांनी माझ्याकडून किल्ट शिवून घेतले. वेल्डिंगवाल्यांना मी तो कधीही दिला नाही, मागितला तरी. ठिणगी उघड्या पोटरीवर पडते एवढी अक्कल मला आहे. मी शाळेतून निवृत्त झाले, बाजारामागे दोन गाळे घेतले आणि सहा मशिनी टाकल्या.

तर या सहा मशिनी, कापायचे टेबल, वाफेची इस्त्री, सर्व आराखडे, लायसन आणि गाळ्यांचे करार मी श्री. मुनीर परकार, मूळ राहणार दाभोळ, यांना देत आहे. त्यांच्या पत्नी फिझा चुण्या माझ्यापेक्षाही चांगल्या घालतात. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेले नाही.

अडचण एवढीच की मुनीर हा कारखाना घ्यायला तयार नाही.

कलम ५. अपघात. मुनीर तेव्हा यार्डात दोरकामावर होता. मे २०२३ मध्ये एक बोट वर ओढताना, दोर गुंडाळणाऱ्या विंचमध्ये त्याच्या किल्टचे वरचे टोक सापडले. विंचवर जी लोखंडी जाळी असायला हवी ती आठ दिवसांपूर्वी दुरुस्तीसाठी काढली होती आणि कोणी परत बसवली नव्हती. दोराने किल्ट खेचला. आमच्या किल्टला बक्कल किंवा बटण नसते, टिचबटणे असतात, एका ओळीत पाच. राजाभाऊंचा तसा हट्टच होता. ते म्हणत, "यंत्राने ओढलं तर कपडा जाऊ दे, माणूस राहू दे." ते २०१९ मध्ये गेले, पण त्यांचा हट्ट त्या दिवशी कामी आला. पाचही बटणे फटाफट सुटली, किल्ट विंचमध्ये गेला आणि मुनीर जागच्या जागी उभा राहिला. दोन्ही पाय धडधाकट. अंगात शर्ट, डोक्यावर हेल्मेट आणि खाली पिवळ्या अननसांची चड्डी.

पँट असती तर पाय आत गेला असता. हे मी सांगत नाही, त्या दिवशी विंच थांबवणाऱ्या ऑपरेटरने सांगितले.

पण लोकांनी काय पाहिले? अननस. कोणीतरी फोटो काढला. दुपारच्या जेवणापर्यंत तो खोर फक्कानभर आणि रात्रीच्या जेवणापर्यंत दाभोळभर फिरला. मुनीरच्या सासऱ्यांनी फोन करून विचारले, "जावईबापू, यार्डात नाचाचं काम मिळालंय का?" ज्याचा पाय वाचला म्हणून पेढे वाटायचे, त्याच्यावर सगळे गाव हसत होते. आणि हसण्यासारखे झाले की चूक हसू आलेल्याची नसते, उघड्या पडलेल्याची असते, हा आपल्याकडचा जुना कायदा आहे.

कलम ६. आता सेफ्टी रिपोर्ट. तो माझ्या मुलाने लिहिला.

निनाद दुबई मरीनातल्या एका सेफ्टी कन्सल्टन्सीत आहे. अपघाताच्या वर्षभर आधी त्याच्याकडे हेच यार्ड आले. राजाभाऊंच्या वेळचे मॅनेजर तोवर गेले होते आणि माझ्या पावत्या कारखान्याच्या नावाने जात, म्हणून आडनाव कोणाच्या लक्षात आले नाही. तेव्हा तो मला म्हणाला, "आई, डिलिव्हरी द्यायला यार्डात आलीस तर ओळख दाखवू नकोस हं. मी सेफ्टी बघणार आणि माझीच आई कपडे सप्लाय करणार, हे बरं दिसत नाही."

"मग लिहून दे त्यांना की ही माझी आई आहे."

"तसं लिहिलं की हजार प्रश्न. तू फक्त मॅडम राहा."

म्हणून मी वर्षभर मॅडम राहिले. गेटवर गठ्ठा द्यायची, माझा मुलगा पावतीवर सही करायचा आणि म्हणायचा, "थँक यू, मॅडम." मी म्हणायची, "वेलकम, सर." बावीस तास कळा सोसून ज्याला जन्म दिला त्याला सर! राजाभाऊ असते तर त्यांनी गेटवरच त्याचा कान धरला असता. मी धरला नाही. ती माझी चूक, आणि ती या मृत्युपत्रात मी नोंदवून ठेवते. तेव्हाच खरे सांगितले असते तर पुढचे टळले असते.

कारण अपघात झाल्यावर निनादला भीती वाटली की किल्टची बाजू घेतली तर आईची बाजू घेतली असे होईल. म्हणून पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत त्याने लिहिले: कामगाराचा अयोग्य पोशाख. जाळी नव्हती हेही लिहिले, पण दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत. दुसरे पान या देशात काय, कोणत्याच देशात कोणी वाचत नाही. टिचबटणांविषयी एक शब्द नाही. बापाच्या किल्टची ती बटणे फटाफट उघडून पाहण्याचे त्याचे वय टळले होते हे मान्य, पण राजाभाऊंनी जेवणाच्या टेबलावर त्याला तीनदा करून दाखवले होते.

किल्टवर बंदी आली. मुनीरला काढले. त्याच्या नावापुढे जो शेरा बसला त्यामुळे कोणतेही यार्ड त्याला गेटपास देत नाही. मी त्याला कारखान्यात कापणीला घेतले. यार्डाची कामे गेली तरी बागकामवाले, सुतार आणि मासळीबाजारातली माणसे आमच्याकडून किल्ट घेतात, त्यामुळे आम्ही चालू आहोत.

गेल्या महिन्यात मी मुनीरला सांगितले की माझ्यामागे हे सगळे तुझे. तो कात्री खाली ठेवून म्हणाला, "नको, बाई."

"का? फिझाला विचारलंस?"

"फिझा पण नको म्हणते. लोक काय बोलतील ठाऊक आहे? स्वतःच्या गलतीने चड्डीवर आला, म्हातारीला दया आली, तिने दुकान दिलं. तुमच्यामागे मी किल्ट विकायला बसलो की गिऱ्हाईक पहिला तोच फोटो काढेल. ज्याच्या कागदावर अयोग्य लिहिलंय त्याच्याकडून कोण हा कपडा घेईल? मला दुकान नको. माझा कागद साफ करा, मग बोलू."

मी चिडले. मी म्हटले, "दोन गाळे आणि सहा मशिनी नाकारतोस? शहाणा आहेस का?"

"तुम्हीच शिकवलंत ना, बाई," तो म्हणाला. "उलटी बाजू पण नीट पाहिजे."

माझेच वाक्य कोणी मला ऐकवले तर मला अजिबात आवडत नाही.

कलम ७. कलम २ मधील अट. वरील कारणामुळे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते की निनादने यार्डाला लेखी दुरुस्ती दिली तरच सहकारनगरचा फ्लॅट त्याला, नाहीतर तो विकून रक्कम अनाथाश्रमाला द्यावी. कशफ म्हणाली, "मॅडम, अट टिकेल की नाही सांगता येत नाही, भांडण मात्र नक्की टिकेल." मी म्हटले, टिकू दे.

मागच्या शनिवारी निनाद, स्मिता आणि इरा आले. मी मसुदा त्याच्या हातात दिला. त्याने पाने उलटून आधी फ्लॅटच पाहिला.

"आई, हे ब्लॅकमेल आहे."

"हो."

"मी तेव्हा लिहिलं असतं की किल्ट माझ्या आईने शिवलाय, तर माझी नोकरी गेली असती!"

"मुनीरची गेली."

 इराने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला आणि वाचला. ती एकोणीस वर्षांची आहे, मराठी अक्षर लावून लावून वाचते, त्यामुळे कलम ६ पर्यंत पोचायला तिला वेळ लागला. मग ती बापाला म्हणाली, "वेट. यू कॉल्ड आजी मॅडम? फॉर अ होल इयर?"

स्मिता म्हणाली, "मलाही हे माहीत नव्हतं." आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. सून माझ्या बाजूने उठून जाण्याची एकवीस वर्षांतली ही पहिली वेळ.

निनाद म्हणाला, "बरं, देतो लिहून. फ्लॅटसाठी नाही, पण देतो."

मी त्याच्याकडे पाहिले. तो फ्लॅटसाठीच देतोय की नाही हे मला कळेना, आणि त्यालाही कळत नसावे. हीच तर त्या अटीची खोट होती. खोटे तो लिहिणार नाही, पण फ्लॅटच्या लोभाने खरे लिहिले तर ते मुनीरच्या काय कामाचे? उद्या कोणीही म्हणेल, म्हातारीने मुलाकडून विकत घेतले. मी लाल पेन घेतला, त्याच्यादेखत अट खोडली आणि समासात सही केली.

"फ्लॅट तुझा. बिनशर्त. आता तुला जे करायचं ते कर, नाहीतर करू नकोस. खलास."

तो न जेवता दुबईला परत गेला. मी भरली वांगी केली होती. तीही मला एकटीला दोन दिवस खावी लागली, याची इथे नोंद असावी.

कलम ८. राजाभाऊंचा पहिला किल्ट इराला. तिने तो कपाटातून काढला, खिशात हात घातले आणि ओरडली, "आजी, इट हॅज रिअल पॉकेट्स! कॅन आय हॅव इट?" मुलींच्या कपड्यांना खिसे देत नाहीत हा वेगळा संताप आहे, त्यासाठी वेगळे मृत्युपत्र लागेल. तिने तो वापरावा, काचेत लावू नये.

कलम ९. आमच्या मंडळाच्या माजी कार्यवाहबाई, ज्यांनी गणपतीच्या स्टेजवरून माझी ओळख "आपल्या स्कर्टवाल्या काकू" अशी करून दिली, त्यांना मी काहीही देत नाही. त्यांच्याकडे असलेले माझे चार स्टीलचे डबे स्मिताने झाकणांसकट परत आणावेत.

कलम १०. जबानी. निनाद काही करो वा न करो, मला गप्प राहणे शक्य नाही. म्हणून या मृत्युपत्राला मी एक जबानी जोडत आहे: की अपघाताच्या वेळचा किल्ट माझ्या कारखान्यात शिवलेला होता, की त्याची टिचबटणे अशाच प्रसंगी सुटावीत म्हणून लावली होती आणि ती सुटली, की विंचवर जाळी नव्हती, की श्री. मुनीर परकार यांची कोणतीही चूक नव्हती. आणि हेही, की रिपोर्ट लिहिणारे अधिकारी माझे पुत्र असून ही गोष्ट त्यांनी आणि मी, दोघांनी, यार्डापासून लपवली. ही जबानी माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच यार्डाच्या मॅनेजरांकडे पाठवावी. मेल्यावर खरे बोलण्यात मोठेसे शौर्य नाही. जबानीखाली मी रिपोर्ट लिहिणाऱ्या अधिकाऱ्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे. ती मोकळी राहिली तर तशीच पाठवावी.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे. कागदावर माझी सही मी दोन साक्षीदारांसमक्ष केली असून त्या दोघींनी माझ्यासमक्ष आपापल्या सह्या केल्या आहेत. दोघींपैकी कोणालाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावले आहे.

(सही) छाया राजाराम चौबळ

साक्षीदार १. (सही) कशफ तांबे, ॲडव्होकेट कचेरी, शारजा
साक्षीदार २. (सही) हव्वाबी खोत, शेजारील मसाल्याचे दुकान, खोर फक्कान

स्थळ: कारखाना, बाजारामागे, खोर फक्कान
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२५

जबानी, एक पान, सोबत जोडली आहे.

(सही) छाया राजाराम चौबळ, किल्ट पुरवणारी

रिपोर्ट लिहिणारे अधिकारी: (सही) निनाद राजाराम चौबळ. आज सकाळी न सांगता आला, उभ्यानेच वाचले आणि सही केली. सहीखाली त्याने सेफ्टी फॉर्म भरतात तशा मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: "वरील सर्व खरे आहे. पुरवठादाराशी नाते: मुलगा. पहिल्या पानावरची पहिली ओळ मी मागे घेतो."

त्याखाली, पेन्सिलने, कारण कापणीच्या टेबलावर दुसरे काही सापडले नाही:

"वाचलं. दुकान घेतो. मुनीर परकार."